धरण उशाला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला आहे 'आपले गाव : काल आणि आज'. कालच्याबद्दल सकाळपासून पुष्कळ ऐकले. पटांगणातली चिंच, प्रार्थनेला उशीर झाल्यावरच्या छड्या, सिंहगडाची सहल, सगळे झाले. बाईंनी अजून आमचे हजेरी क्रमांक पाठ म्हणून दाखवले, तेव्हा तर निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणून 'काल' मी सोडून देते. दिलेली वीस मिनिटे 'आज'वर खर्च करते, आणि तीही एकाच गोष्टीवर. बाहेर आचारसंहिता चालू आहे, त्यामुळे कोणत्याही पक्षाचे नाव माझ्या तोंडून निघणार नाही. समोर निदान तीन जण असे बसलेत, की ज्यांच्या घरात कोणीतरी उमेदवार आहे. त्यांनी तर कान देऊन ऐकावे.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि तीस-बत्तीस वर्षे सरकारी प्रयोगशाळांमध्ये पाणी तपासत राहिले. आज या जिल्ह्यात, उद्या त्या जिल्ह्यात. लोकांना वाटायचे, बाटलीत पाणी घेऊन बघायचे, त्यात काय एवढे. पण पाण्याची बाटली हातात आली की त्या गावाचा कारभार कसा चालला आहे ते बरेचसे कळते. टीसीएल पावडर कोठे ठेवतात, टाकी कधी धुतली, गळकी लाईन गटाराशेजारून गेली आहे का, सगळे त्या बाटलीत उतरते. म्हणून आपल्या गावाबद्दल बोलायचे तर मी पाण्यापासूनच सुरुवात करणार.

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण लहानपणी मराठीच्या तासाला वाक्यात उपयोग करा म्हणून आली, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आपल्या उशाला खरेच धरण आहे. १८७९ साली पुरे झालेले, दगडी, देशातल्या जुन्या मोठ्या धरणांपैकी एक. इंग्रज त्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा याच धरणावर बसवले गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने आपले धरणही फोडले आणि पुणे बुडाले. ते आपल्या आई-वडिलांच्या पिढीने पाहिले, आपण त्यांच्या तोंडून ऐकले. पुढे पानशेत पुन्हा उभे राहिले, वरसगाव झाले, टेमघर झाले. आज या चारही धरणांत मिळून २९.१५ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीच्याही आत, म्हणजे साठ्यात सर्वांत धाकटे. पण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी शेवटी याच्यातूनच पुण्याला जाते, आणि उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरकडे जाते.

असे धरण उशाला असताना या वर्षाच्या सुरुवातीला काय झाले ते आठवा.

जानेवारी २०२५. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातले लोक एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागले. आधी जुलाब, उलट्या. मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाते, हातांतली जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. गिलेन-बारे सिंड्रोम, जीबीएस. तोपर्यंत हे नाव आपल्यापैकी एखाद्या डॉक्टरालाच माहीत असेल. पंधरा दिवसांत ते रिक्षावाल्यांच्या तोंडी आले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते. बहुतेक वेळा आधी एखादा जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो. इथल्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. केंद्राचे पथक आले. आणि नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला ही नावे देशभरच्या बातम्यांत झळकली. नांदेड गावची विहीर तर मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांवर दिसली.

प्रत्येक रुग्णाचा आजार पाण्यामुळेच झाला असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. कोंबड्यांच्या खुराड्यांकडेही बोट दाखवले गेले, उघड्यावरच्या खाण्याकडेही. पण त्या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांसमोर आली, जी आपल्याला आधीपासून ठाऊक होती आणि जिच्यावर कोणी बोलत नव्हते. ती म्हणजे या गावांना मिळणारे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून येतच नव्हते. धरणातून उचललेले पाणी विहिरीत, विहिरीतून टाकीत, टाकीत टीसीएल, आणि तिथून आपल्या नळाला. आपल्या दारावरून मोठ्या बंद जलवाहिन्या पर्वतीच्या केंद्राकडे जातात. तिथे ते पाणी निवळते, गाळले जाते, शुद्ध होते आणि शहराला मिळते. ज्या गावातून ती लाईन निघते, त्या गावाला मात्र कच्चे पाणी. ती म्हण आता अशी बदलावी लागेल, की घशाला कोरड नाही, पण घशाखाली काय उतरते ते विचारू नका.

थोडी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते, कंटाळू नका. क्लोरीन टाकले की पाणी शुद्ध झाले असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, त्यात माती, पालापाचोळा, शेवाळ. टाकलेले क्लोरीन आधी या घाणीवरच खर्च होते आणि जंतूंसाठी उरत नाही. शिवाय जंतू मातीच्या कणांआड लपून राहतात. म्हणून आधी निवळणे, मग गाळणे आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम आहे. आपल्या आयांना तो माहीत होता. आठवते का, श्रावणात नळाला चहासारखे पाणी यायचे. आई घागरीत तुरटी फिरवायची, तळाशी गाळ बसू द्यायची, मग वरचे पाणी दुपदरी फडक्यातून माठात गाळायची. कोट्यवधी रुपयांचे जलशुद्धीकरण केंद्र मोठ्या प्रमाणावर तेवढेच काम करते.

दुसरे असे, की टीसीएल ही नाशवंत वस्तू आहे. पोते नवे असते तेव्हा त्यात साधारण एक-तृतीयांश क्लोरीन असते. दमट खोलीत, उघड्या तोंडाचे पोते दोन-तीन महिने पडले की उरतो तो बराचसा चुना. कर्मचारी प्रामाणिकपणे हजार लिटरला पाच ग्रॅम मोजून टाकतो, वहीत सही करतो, आणि टाकतो मात्र चुना. हे टाकीवर कळत नाही, ते शेवटच्या नळावर कळते. एका छोट्या नळीत पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असले पाहिजे. ही ओटी टेस्ट करायला एक मिनिट लागते. नोकरीत मी ती किती हजार वेळा केली असेल देव जाणे. जानेवारीतल्या गडबडीत आपल्या भागात ती दारोदार झाली. आज ती शेवटच्या नळावर रोज होते का, आणि होत असेल तर तो आकडा आपल्याला का दिसत नाही, हा माझा पहिला प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, ग्रामपंचायत होती तेव्हा तरी कोठे गाळलेले पाणी होते? बरोबर आहे. तेव्हाही विहीर आणि टीसीएलच. ग्रामपंचायत म्हणजे रामराज्य होते असे भाषण मी करणार नाही. इथल्या काही जणांनी ग्रामसभेत खुर्च्या उडताना पाहिल्या आहेत. पण तेव्हा गाव केवढे होते? वाडा, आळी, चार वस्त्या आणि अकादमीच्या कामाला जाणारी माणसे. आता सिंहगड रस्त्याने स्वारगेटहून येताना इमारती संपतच नाहीत. वडगाव, धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, सगळे एकमेकांत मिसळले. माझी भाची सातव्या मजल्यावर राहते. खालच्या जागेवर पूर्वी आमच्या वर्गातल्या एकाचा हरभरा असायचा. जागा विकली म्हणून मी कोणाला नावे ठेवत नाही. मुलींची लग्ने, मुलांची शिक्षणे त्यातून झाली. बांधकामात उतरलेले आपले मित्रही इथे आहेत आणि आजच्या जेवणाचा खर्च त्यातल्याच एकाने उचलला आहे. तक्रार इमारतींबद्दल नाही. माणसे आली आणि पाणी-मैलापाण्याची सोय मागून येईल असे ठरले, या क्रमाबद्दल आहे.

हा क्रम कसा बिघडला, तेही बघू. ३० जून २०२१ ला राज्य सरकारने २३ गावे पुणे महापालिकेत घातली, त्यात आपले गाव. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली होती, त्यात धायरी, शिवणे, आंबेगाव. २०२१ च्या त्या एका आदेशाने पुणे क्षेत्रफळात मुंबईपेक्षा मोठी महापालिका झाली, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुकही केले. पण त्याच जुलै महिन्यात या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे दिले गेले. म्हणजे कर महापालिकेचा, पाणी-गटार-कचरा महापालिकेचा, आणि इमारत कोठे व्हावी हे ठरवणार दुसरेच कोणी. एका घरात चुलीवर एक जण आणि पंगतीचे निमंत्रण देणारा दुसरा. परवानगी देणाऱ्याला पाण्याची चिंता नाही आणि पाणी देणाऱ्याला परवानगीचा अधिकार नाही.

मधल्या जागेत काय होते? बांधकाम करणारा हमीपत्र देतो, की सरकारी पाणी येईपर्यंत पाण्याची व्यवस्था मी करीन. इमारत उभी राहते, सोसायटी स्थापन होते, हमी देणारा पुढच्या प्रकल्पाला लागतो. मग टँकर. आपल्यापैकी किती सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी इथे बसलेत? हात वर करा. बघा, केवढे हात आहेत. मासिक देखभालखर्चात टँकरचा आकडा किती, हे एकमेकांना विचारा. तो टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. जानेवारीत खासगी आरओ केंद्रांचे पाणी तपासले, तर तेही काही ठिकाणी पिण्यायोग्य नव्हते. केंद्रे बंद करावी लागली. वीस लिटरचा थंड जार म्हणजे शुद्ध पाणी हाही एक समजच.

पैशाचे म्हणाल तर तिथेही गंमत आहे. समाविष्ट गावांत मिळकतकर वाढला तेव्हा लोक चिडले, आणि चिडायला हवेच होते. सोय नाही आणि बिल शहराचे. मग २०२४ मध्ये, निवडणुकीच्या वर्षात, राज्य सरकारने त्या वसुलीला स्थगिती दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाटत होते, की कर बुडाला म्हणजे पाइपही बुडाला. आपण असे मागायला हवे होते, की कर घ्या, पण आमच्या गावांचे खाते वेगळे ठेवा. इथून विकासशुल्क किती जमले, मिळकतकर किती जमला, आणि त्यातले इथे जमिनीखाली किती गेले, याचा हिशेब दर वर्षी चौकात फलकावर लावा. सवलत मागणे सोपे असते, हिशेब मागायला थोडा अभ्यास लागतो.

दुसऱ्या शहरांकडे पाहिले तर घाबरायला होते. बंगळूरुने २००७ साली १००-११० गावे महापालिकेत घेतली. त्या ११० गावांसाठी कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे पाणी सुरू झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. सतरा वर्षे! तोपर्यंत ती गावे कूपनलिका आणि टँकरवर होती, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले हाल आपण टीव्हीवर पाहिले. आयटीतली आपली मुले तिथे राहतात, त्यांना विचारा. आपल्याला येऊन साडेचार वर्षे झाली. त्या हिशेबाने आपला नंबर २०३८ ला लागेल, आणि तेव्हा आपण पंच्याहत्तरीत असू. पुण्याची चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना आखली तेव्हा आपली २३ गावे महापालिकेत नव्हतीच, त्यामुळे त्या नकाशावर आपण नाही. आपल्यासाठी वेगळे काम लागेल, वेगळा पैसा लागेल, आणि ते मागावे लागेल.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे वापरलेले पाणी. याबद्दल स्टेजवर बोलायला लोकांना लाज वाटते. मला वाटत नाही, माझे पोट त्यावर भरले. प्यायच्या पाण्याचे नव्वद टक्के दुखणे मैलापाण्याशी जोडलेले असते, हा माझा अनुभवातला आकडा आहे, पुस्तकातला नाही. शोषखड्डा, सेप्टिक टँक हे वाड्यासाठी ठीक होते. दोनशे फ्लॅटच्या इमारतीने तेच केले, किंवा मैलाशुद्धीकरणाचे यंत्र बसवून वीज वाचवायला बंद ठेवले, की ते पाणी ओढ्यात जाते, ओढ्यातून मुठेत. आणि ही झाली धरणाच्या खालची गोष्ट. वरच्या अंगाला गोऱ्हे, डोणजे, खानापूर, पानशेत रस्त्याची हॉटेले, फार्महाऊस. शनिवार-रविवारी चौपाटीवर भजी-कणसे खायला अर्धे पुणे येते. त्या सगळ्याचे सांडपाणी उताराने कोठे जाणार? पाणलोट महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. पुणे ज्या जलाशयाचे पाणी पिते, त्याच्या काठावर पुण्याचा अधिकार चालत नाही. ज्यांचा चालतो त्यांना ते पाणी प्यायचे नाही. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून शहरासाठी ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे होत आहेत, चांगलेच आहे. नदीकाठ सुशोभीकरण ४४ किलोमीटरचे चालू आहे, त्याबद्दल माझी मते वेगळी आहेत, ती पुन्हा कधीतरी. पण धरणाच्या वरच्या गावांची छोटी मैलाशुद्धीकरण केंद्रे ही या सगळ्यांच्या आधी यायला हवीत. नदी खाली कितीही सजवली तरी वरून काय येते त्याला मोल आहे. शिवाय शहराने वापरलेले पाणी नीट शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडले तरच खालच्या शेतकऱ्यांचे भांडण मिटते. दौंडला दिलेल्या आपल्या वर्गमैत्रिणी हे माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

पुराचे एक सांगून पुढे जाते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि एकतानगरीत पहिला मजला पाण्यात गेला. झोपेत असलेल्या माणसांना होड्यांनी काढावे लागले. निळी पूररेषा, लाल पूररेषा हे नकाशावर असते, पण माणूस घर घेतो तेव्हा त्याला ती रेषा कोणी दाखवत नाही. दस्त नोंदणीच्या वेळी प्लॉट पूररेषेत आहे की नाही एवढे एक वाक्य मोठ्या अक्षरांत असावे. याला पैसा लागत नाही.

रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो यांवर मी बोलणार नाही. सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीवर बोलायला इथे प्रत्येक जण तयार आहे आणि पुलांचे काम तसेही होते, कारण पूल दिसतो. स्वारगेटमार्गे खडकवासल्यापर्यंतच्या मेट्रोला गेल्याच महिन्यात केंद्राची मंजुरी मिळाली, आनंद आहे. फक्त एवढे लक्षात असू द्या, की मेट्रो आली की आणखी इमारती येतील. त्यांचे पाणी कोठून, हे मेट्रोच्या आधी ठरायला हवे. जमिनीखालच्या पाइपचे उद्घाटन करायला कोणाला आवडत नाही, फीत कापायला जागाच नसते. म्हणून जमिनीखालचे काम नेहमी मागे राहते, आणि म्हणून ते आपणच मागत राहिले पाहिजे.

आता निवडणुकीबद्दल. जून २०२१ ला आपली ग्रामपंचायत गेली. महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची, तेव्हा आपण त्या हद्दीत नव्हतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे जून २०२१ पासून आजपर्यंत खडकवासल्याला ना सरपंच, ना आपल्या मताने आलेला नगरसेवक. जीबीएसच्या त्या आठवड्यांत रात्री अकरा वाजता कोणाच्या दारात जावे हा प्रश्न होता. अधिकाऱ्यांनी कामे केली, नाही असे नाही. पण अधिकारी बदलून जातो, त्याला पुढच्या वर्षी आपल्यासमोर उभे राहायचे नसते. १५ जानेवारीला मतदान आहे. पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. आपल्या गावाच्या इतिहासात आपण पहिल्यांदा महापालिकेसाठी मत देणार आहोत. चार जणांचा प्रभाग असल्याने चार वेळा बटण दाबायचे आहे, घाईत एक दाबून निघून येऊ नका. आणि चार जण म्हणजे उद्या प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवणार, हेही ओळखून असा.

उमेदवार दारात येतील तेव्हा त्यांना काय विचारायचे, यासाठी आमच्या तुकडीच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे वाद चालू होता. कोणी सतरा मागण्या लिहिल्या, कोणाला विरंगुळा केंद्र हवे, कोणाला स्मशानभूमीला शेड. सगळे हवेच आहे. पण सतरा मागण्या दिल्या की माणूस त्यातली सर्वांत स्वस्त निवडतो, बहुधा बाकडी. म्हणून मी तीनच ठेवल्या आहेत. गाळलेले पाणी आमच्या नळाला कोणत्या केंद्रातून, कोणत्या लाईनने, कोणत्या महिन्यात येणार. आणि तोपर्यंत रोजचा ओटीचा आकडा टाकीजवळच्या फलकावर लावणार का? पाणी आणि मैलावाहिनी जोडल्याशिवाय नव्या इमारतीला भोगवटा पत्र मिळू नये यासाठी सभागृहात तुम्ही उभे राहणार का, तुमचा भाऊ किंवा मेहुणा बांधकामात असला तरी? आणि क्षेत्रसभा भरवणार का? कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, ती क्वचितच कोठे भरते. ग्रामसभा गेली, तिच्या जागी काहीतरी हवे, जिथे म्हातारीसुद्धा उठून विचारू शकेल की काल नळाला वास का येत होता.

काही जण म्हणतात, आपली वेगळी नगरपालिकाच मागू. फुरसुंगी-उरुळी देवाचीने मागितली, त्यांना मिळाली. तो विचार मी केला. पण धरण, जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र हे सगळे मोठ्या खर्चाचे काम आहे, छोट्या नगरपालिकेला ते झेपत नाही. वेगळे होऊन आपण आपल्या विहिरीचे मालक होऊ, एवढेच. माझे मत आत राहून हिशेब मागण्याचे आहे. तुमचे वेगळे असेल तर जेवताना भांडू.

शेवटी कामाचे. प्रयोगशाळेतली माझी सवय सुटलेली नाही, त्यामुळे ओटीच्या पन्नास बाटल्या मी आणल्या आहेत, बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक सोसायटीने एक न्यावी. ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी सकाळी, टाकीजवळच्या नळावर नाही, सर्वांत लांबच्या घराच्या स्वयंपाकघरातल्या नळावर टेस्ट करायची; पिवळा, फिका पिवळा, रंग नाही, यातले जे असेल ते तारीख घालून ग्रुपवर टाकायचे. फोटो दिवसाच्या उजेडात घ्या, ट्यूबलाइटखाली सगळेच पिवळे दिसते. लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका आणि तपासलेले पाणी झाडालाही घालू नका, सांडपाण्यात सोडा. ज्यांना पद्धत बघायची आहे त्यांच्यासाठी चहानंतर शाळेच्याच नळावर करून दाखवते. मुख्याध्यापक सरांची परवानगी मी सकाळीच घेतली आहे.